अमारोने आणि बेदाण्याचे शेड

शेडवरचा माणूस (तासगाव तालुका)

मी वाइनचा जाणकार नाही. द्राक्षबाग आणि बेदाण्याचे शेड एवढाच माझा अनुभव आहे, आणि ज्या वाइनविषयी लिहिणार आहे तिच्या आजवर सहाच बाटल्या माझ्या वाट्याला आल्या आहेत. तरीही लिहितो, कारण या वाइनची जी वर्णने वाचायला मिळतात ती सगळी चेरी, प्लम आणि ब्लॅकबेरी यांच्या भाषेत असतात, आणि ही फळे आपल्यापैकी बहुतेकांनी डब्यातली किंवा केकवरची तेवढीच पाहिलेली असतात. माझे म्हणणे असे आहे की सांगली जिल्ह्यातल्या माणसाला ही वाइन समजून घेण्यासाठी त्या उसन्या फळांची गरज नाही. तिची निम्मी ओळख आपल्याला शेडवर आधीच झालेली असते.

वाइनचे नाव अमारोने. इटलीच्या ईशान्येला वेनेतो प्रांतात वेरोना शहर आहे. त्याच्या उत्तरेला डोंगराकडे चढत जाणाऱ्या दऱ्यांचा वाल्पोलिचेल्ला नावाचा टापू आहे आणि पश्चिमेला थोड्या अंतरावर गार्दा सरोवर आहे. तिथे मुख्यतः कोर्विना, कोर्विनोने आणि रोन्दिनेल्ला या काळ्या द्राक्षांचे निवडक घड सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये तोडतात आणि ते लगेच न चिरडता तीन ते चार महिने वाळत ठेवतात. वजन 30 ते 40 टक्क्यांनी उतरले की मग ती अर्धवट सुकलेली द्राक्षे चिरडून त्यांची वाइन करतात. आपल्याकडे चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, म्हणजे आपण जवळजवळ सगळे पाणी काढून टाकतो. ते लोक वाटेतच थांबतात. मणी सुरकुतलेला असतो, पण दाबला तर अजून रस सोडतो, अशा टप्प्यावर.

हा टप्पा मला ठाऊक आहे. घरच्यापुरता थोडा काळा माल, शरद जातीचा, मी दरवर्षी, माल लवकर वाळावा म्हणून वापरतात त्या डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात न बुडवताच रॅकवर टाकतो. बुडवलेला हिरवा माल बारा-पंधरा दिवसांत तयार होतो, पण या न बुडवलेल्या मालाला जास्त वेळ लागतो आणि मध्ये काही दिवस असे येतात की शेडमध्ये पाऊल टाकताच एक जड, गोड आणि किंचित आंबूस वास अंगावर येतो. तो ताज्या द्राक्षाचा वास नसतो आणि तयार बेदाण्याचाही नसतो. त्या वासाला आमच्याकडे काही नाव नाही. कामगार त्याला नुसते ‘माल बोलायला लागला’ असे म्हणतात.

चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत माझी भाची इटलीहून आली आणि विमानतळावर जेवढी सूट मिळते तेवढ्यात बसणाऱ्या दोन बाटल्या तिने आणल्या. मी शेडवरून संध्याकाळी घरी आलो होतो. तिने मोठ्या पोटाच्या काचेच्या पेल्यात दोन बोटे वाइन ओतली आणि विचारले, “मामा, कसला वास येतो?” मी पेला नाकाशी नेला आणि क्षणभर मला वाटले की शेडवरचा वास हातालाच लागून आला आहे. मी उठून पुन्हा हात धुतले. वास पेल्यातलाच होता.

त्यानंतर मी ही वाइन जशी चाखत आलो तसे सांगतो. रंग कोकमाच्या आगळासारखा गडद असतो, आणि बाटली आठ-दहा वर्षांची असेल तर पेला तिरका केल्यावर कडेला विटकरी छटा दिसते. पहिल्या पाच मिनिटांत काळा बेदाणा आणि खारीक यांच्यापलीकडे काही सापडत नाही, आणि उतावळा माणूस इथेच ‘गोड दिसते’ असा निकाल देऊन मोकळा होतो. थोडी हवा लागली की जाळीतल्या पिकलेल्या करवंदासारखा आंबटगोड वास वर येतो. इंग्रजी पुस्तके ज्याला आंबट चेरी म्हणतात ते हेच असावे असा माझा समज आहे. त्यानंतर गुऱ्हाळ येते. काहिलीतला रस काकवीच्या पुढे आणि गुळाच्या अलीकडे असतानाचा जो खरपूस वास असतो, अगदी तो. अर्ध्या-पाऊण तासाने लवंग, कोको आणि नव्या कातडी चपलेचा वास असे काही तरी मागून डोकावते.

जिभेवर मात्र ही वाइन नाकाला दिलेला शब्द पाळत नाही, आणि मला ती आवडते ती नेमकी यामुळे. नाक सांगत असते की आता काकवी येणार, आणि तोंडात येते ती जवळजवळ कोरडी, दाट, तुरट वाइन, जिच्या पोटात आंबटपणा ताठ उभा असतो. घोट गिळल्यावर घशात उष्णता जाणवते, कारण तिच्यात मद्यार्क 15 ते 16 टक्के असतो. मग तोंड मिटून दहा आकडे मोजावेत. शेवटी भाजलेल्या बदामाच्या सालीसारखा एक कडसर धागा राहतो. इटालियनमध्ये ‘अमारो’ म्हणजे कडू आणि ‘ओने’ हा शब्द मोठा करणारा प्रत्यय. म्हणजे नाव झाले ‘मोठी कडू’. आपल्या कडूजहर या शब्दाइतके ते भयंकर नाही, हे प्यायल्यावर कळते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वाळवण्याच्या काळात मण्याच्या आत नेमके काय होते, हे कोणी शास्त्राच्या अंगाने सांगेल काय? आपल्या उन्हाळ्यात ही वाइन कोणत्या तापमानाला प्यावी? आणि तिच्याबरोबर आपल्या स्वयंपाकातले काय चालते?

रसायनाचा मास्तर (मिरज)

साहेब, आपला ‘माल बोलायला लागला’ हा शब्दप्रयोग शास्त्राच्या दृष्टीने वाटतो त्यापेक्षा अचूक आहे. तोडलेला घड मेलेला नसतो. मण्यातल्या पेशी श्वसन करीत राहतात आणि वाळताना होणारे बदल हे नुसते पाणी उडून जाण्याचे नसतात.

आधी पाण्याचे गणित पाहू. समजा तोडणीच्या वेळी आपल्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसातली साखर मोजण्याच्या साधनावर, 20 ब्रिक्स दिसले, म्हणजे 100 भाग रसात सुमारे 20 भाग साखर. 100 किलो द्राक्षे 65 किलोवर आली तर तीच साखर कमी पाण्यात राहून आकडा 30 च्या आसपास जाईल. थोडी साखर श्वसनात खर्च होते, म्हणून प्रत्यक्षात किंचित कमी भरेल. एक लिटर रसातल्या सुमारे 17 ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क तयार होतो, हे धरले तर एवढा मद्यार्क कोठून येतो ते उघड आहे. बाहेरून साखर किंवा मद्यार्क त्यात मिसळलेला नसतो.

आता जिवंत पेशीची गोष्ट. या महिन्यांत मॅलिक आम्ल श्वसनात खर्च होत जाते, तर टार्टारिक आम्ल बरेचसे टिकून राहते आणि पाणी कमी झाल्यामुळे ते अधिक जाणवते. सालीतली रंगद्रव्ये आणि तुरट द्रव्ये बदलतात, आणि ताज्या मण्यात नसलेले किंवा अत्यल्प असलेले सुगंधी पदार्थ तयार होतात. या सगळ्याला वेळ लागतो. आपण द्रावणात बुडवतो ते मण्यावरच्या मेणाच्या थराने पाणी अडवू नये म्हणून. व्यापारी बेदाण्यासाठी ते योग्यच आहे, कारण तिथे झटपट वाळणे आणि हिरवा रंग टिकणे यालाच भाव असतो. वेरोनाचे लोक हा थर जाणूनबुजून तसाच ठेवतात. त्यांना मण्याने सावकाश वाळायला हवे असते. तुमच्या न बुडवलेल्या काळ्या मालाला जो वास येतो आणि बुडवलेल्या हिरव्या मालाला जो तसा येत नाही, त्यामागे जातीचा फरक आहेच, पण वेळेचा फरकही आहे असे मला वाटते.

आपण लिहिलेला ‘किंचित आंबूस’ हा शब्द मात्र जपून वापरावा लागेल. वाळताना काही मणी फुटतात आणि त्यांवर व्हिनेगर करणारे जिवाणू बसतात. त्याचा अंश वाइनमध्ये अगदी थोडा असेल तर वास उचलून धरतो, पण प्रमाण वाढले की नेलपॉलिशसारखी झोंबणारी वाफ नाकात जाते. ती वाफ म्हणजे वाइनचा खोलपणा नव्हे, तो दोष आहे, मग बाटलीची किंमत कितीही असो.

मध्यम घोट (सांगली)

लेख आवडला, पण थोडा विरोध नोंदवतो. आयात वाइनवर भारतात वर्षानुवर्षे 150 टक्के सीमाशुल्क राहिले आहे. त्यावर राज्याचा कर आणि दुकानदाराचा नफा चढवला की मुंबई-पुण्यात या बाटलीची जी किंमत होते, तिच्यात सांगलीतल्या चौघांचे दोन वेळचे उत्तम जेवण होईल. सांगलीत तर ती मागितल्यावर दुकानदाराने मला औषधाचे नाव विचारल्यासारखे ‘पुन्हा सांगा’ म्हटले होते.

किंमत एक वेळ सोडून देऊ. माझा खरा आक्षेप वजनावर आहे. ज्या गावात मार्चपासून पंखा बंद करता येत नाही तिथे 16 टक्क्यांची दाट वाइन म्हणजे उन्हात घोंगडी पांघरण्यासारखे आहे. त्याच दऱ्यांत, त्याच कोर्विना द्राक्षाची, न वाळवता केलेली साधी वाल्पोलिचेल्ला मिळते. ती हलकी असते, थोडी गार करून पिता येते, आणि तुम्ही म्हणता ते करवंद तिच्यात उघडपणे समोर येते, बेदाण्याच्या पोत्याखाली शोधावे लागत नाही. मधला मार्ग हवा असेल तर रिपास्सो आहे. अमारोनेची वाइन काढून घेतल्यावर उरलेल्या चोथ्यावर साधी वाल्पोलिचेल्ला ओततात, तो चोथा पुन्हा थोडा आंबतो आणि तिला आपला रंग, मद्यार्क आणि वास देतो. मासी या घराण्याने 1964 च्या हंगामापासून ही जुनी रीत नव्याने बाजारात आणली. आपल्याकडे उकळलेल्या पत्तीवर दुसऱ्यांदा पाणी घातले तर पाहुणा नाराज होतो, पण इथे त्या पत्तीवर पाणी न घालता दुसरा चहाच ओततात, हे लक्षात घेतले पाहिजे.

वेरोनात दोन हिवाळे (कऱ्हाड)

नोकरीच्या निमित्ताने मी वेरोनात दोन हिवाळे काढले आहेत, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेले थोडे सांगतो.

तिथल्या वाळवण्याच्या जागेला फ्रुत्तायो म्हणतात. बहुधा ती इमारतीच्या वरच्या मजल्यावर किंवा टेकडीवर वाऱ्याच्या तोंडाला असते. पूर्वी बोरू आणि बांबूच्या चटयांच्या मांडण्यांवर घड पसरत, त्यांना आरेले म्हणत. आता पुष्कळ ठिकाणी एकाच थराचे उथळ ट्रे आले आहेत. घड सैल निवडतात, म्हणजे मणी एकमेकांना घट्ट चिकटलेले नसावेत आणि मधून हवा खेळावी. दोन्ही बाजूंना खिडक्या असतात, आणि धुके आले की त्या बंद करायच्या आणि कोरडा वारा आला की उघडायच्या, हे काम घरातला म्हातारा माणूस वासावरून करीत असे, असे मला एका बागायतदाराने सांगितले. आता मोठे पंखे आणि आर्द्रतामापक आहेत. शेडवरच्या साहेबांना तिथे पाच मिनिटेही परके वाटणार नाही. फरक एवढाच की आपण फेब्रुवारी ते एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्याकडे तोंड करून वाळवतो आणि ते हिवाळ्यात शिरत वाळवतात. जसजसे दिवस जातात तसतसा आपला शेड तापतो आणि त्यांचा गारठतो. नियमाने साधारणपणे 1 डिसेंबरपूर्वी ही द्राक्षे चिरडता येत नाहीत, आणि पुष्कळ जण जानेवारीपर्यंत थांबतात. मी पाहिले तेव्हा बाहेर बर्फ होते आणि आत मात्र घोंगावणाऱ्या पंख्यांत तोच वास होता जो आपण वर लिहिला आहे.

बागाही ओळखीच्या वाटतात. जुन्या वाल्पोलिचेल्लात वेली मांडवावर चढवतात, त्याला ते पेर्गोला म्हणतात. आपले जुने मांडव ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ते दृश्य घरचेच वाटेल. त्यामागे कारणही आहे. कोर्विनाच्या काडीवरचे बुडाकडचे पहिले काही डोळे फळ देत नाहीत, म्हणून काडी लांब राखावी लागते आणि लांब काडीला मांडव सोयीचा पडतो.

नावाविषयी थोडे. मूळची वाइन गोड होती आणि ती आजही करतात. तिला रेचोतो म्हणतात. तिथल्या बोलीत ‘रेचे’ म्हणजे कान. घडाच्या वरच्या बाजूला दोन्हीकडे जे छोटे फाटे असतात त्यांना ऊन अधिक मिळते, म्हणून पूर्वी तेवढेच कापून वाळवत. ही रीत फार जुनी आहे. सहाव्या शतकात थिओडोरिक राजाच्या दरबारातल्या कासिओडोरसने वेरोनाजवळच्या, द्राक्षे सुकवून केलेल्या दाट वाइनचे एका पत्रात कौतुक केलेले आहे. अमारोने त्या मानाने अगदी अलीकडची आहे. साखरेचा मद्यार्क करणारे यीस्ट थंडीत मंदावले आणि साखर उरली की रेचोतो होत असे. यीस्ट चिवट निघाले आणि त्याने साखर खाऊन संपवली की ते पिंप ‘बिघडले’ असे मानत. 1936 मध्ये नेग्रार गावाजवळच्या सहकारी तळघरात विसरून राहिलेले असे एक पिंप सापडले आणि तळघराच्या प्रमुखाने ते चाखून ‘हे अमारो नाही, अमारोने आहे’ असे म्हटले, ही कथा तिथे प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. कथा थोडी घासूनपुसून चकचकीत केलेली आहे अशी मला शंका आहे, पण सहकारी संस्थेच्या तळघरात एका चुकीतून एवढी मोठी गोष्ट निघाली हे आपल्या भागातल्या माणसाला ऐकायला बरे वाटते. 2009 च्या अखेरीस अमारोनेला डीओसीजी हा इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. त्या नियमांप्रमाणे मद्यार्क किमान 14 टक्के हवा आणि वाइन किमान दोन वर्षे मुरवावी लागते. बाटलीवर ‘रिझेर्वा’ लिहिलेले असेल तर चार वर्षे.

विकत घेणाऱ्याने एक भेद ध्यानात ठेवावा. बेर्तानी आणि क्विन्तारेल्ली यांच्यासारखी जुन्या वळणाची घराणी मोठ्या जुन्या लाकडी पिंपांत वाइन वर्षानुवर्षे ठेवतात आणि तिच्यात लाकडाचा वास जवळजवळ येऊ देत नाहीत. दाल फोर्नोसारखी घराणी छोटी नवी ओकची पिंपे वापरतात, आणि तिथे व्हॅनिला, कोको आणि दाटपणा पुढे येतो. साहेबांनी लिहिलेला कोको द्राक्षाचा होता की लाकडाचा, हे बाटली कोणाची होती यावर ठरेल.

शेडवरचा माणूस

बाटली नव्या वळणाची होती, हे भाचीला विचारून खात्री करून घेतली. म्हणजे कोकोच्या ओळीतून मी द्राक्षाचे नाव मागे घेतो. गुऱ्हाळ मात्र घेणार नाही, कारण पुढच्या वर्षी जुन्या पिंपातली एक बाटली मिळाली तेव्हा कोको नव्हता आणि काकवी तशीच होती.

मध्यम घोट यांचा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. उन्हाळ्यात ही वाइन उघडणे हा माझाही मूर्खपणा होता. दुसरी बाटली मी जपून ठेवायची म्हणून माळ्यावर, जुन्या लोखंडी ट्रंकेत ठेवली होती. मे महिना गेला आणि श्रावणात काढली तर बूच अर्ध्या बोटाने वर आलेले होते. चव शिजवलेल्या मनुकांच्या पाण्यासारखी झाली होती आणि तो ताठ उभा राहणारा आंबटपणा पार बसला होता. घरच्यांनी विचारले तेव्हा मी ‘मुरली आहे’ असे सांगितले, ते खोटे होते. ज्यांच्याकडे 12 ते 15 अंशांची जागा नाही त्यांनी ही बाटली वर्षानुवर्षे सांभाळण्याच्या भरीस पडू नये. आणली त्या हिवाळ्यात संपवावी, आणि तोवर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हे वाक्य ज्यांच्या खोल्या गार असतात त्यांचे आहे. या वाइनला 16 ते 18 अंश लागतात. 32 अंशांच्या खोलीत ती ओतली तर मद्यार्कच आधी नाकात जातो आणि बाकी सगळे त्याच्या आड दडते. फ्रिजमधून थेट ओतली तर उलटे होते, नाक मुके होते आणि तुरटपणा दातांवर बसतो. मी फ्रिजमधून काढून रुंद तोंडाच्या काचेच्या सुरईत ओततो आणि सुरई ओल्या फडक्यात गुंडाळून तासभर ठेवतो. हवाही लागते आणि तापमानही सावकाश चढते.

कृष्णाकाठची चूल (हरिपूर)

दादा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून मी लिहिते. मी स्वतः दोन घोटांपलीकडे जात नाही, पण आमच्याकडे गेल्या डिसेंबरात मुलाने ही वाइन आणली होती आणि स्वयंपाक माझ्याकडे होता.

पुरुष मंडळींनी अर्थातच तांबडा रस्सा मागितला. तो केला आणि फसला. वाइनमधला मद्यार्क आणि तिखट एकमेकांना चेतवतात, तुरटपणा दुप्पट वाटतो, आणि चौघांनाही ठसक्यापलीकडे काही कळले नाही. भडंगाचेही तेच झाले. लसूण आणि तिखटाने वाइनचा वास पुसून टाकला, आणि उलट वाइनने भडंग कडवट केले. दोघांचेही नुकसान झाले.

जे जुळले ते योगायोगाने. मुलांसाठी बाजूला काढलेले अळणी मटण होते, हाडावर मंद आचेवर शिजवलेले, त्यात मीठ, आले, दोन लवंगा आणि दालचिनीचा तुकडा एवढेच. त्याची चरबी जिभेवर असताना वाइनचा तुरटपणा एकदम मऊ झाला, आणि लवंगेला लवंग भेटली. दुसरे म्हणजे वांगे. कृष्णाकाठचे वांगे निखाऱ्यावर भाजून, मिरची न घालता, नुसते मीठ, तेल आणि भाजलेल्या तिळाचे कूट घालून भरीत केले होते. वांग्याचा धुरकटपणा आणि सालीचा किंचित कडूपणा या वाइनच्या शेवटच्या कडूपणाशी असा काही मिळाला की मी दुसरा घोट घेतला तो त्यासाठीच. शाकाहारी घरांनी हे करून पाहावे. कांदा कच्चा घालू नये.

वेरोनात दोन हिवाळे

ताईंचे अळणी मटण वाचून तिथली रीत आठवली. वेरोनात या वाइनबरोबर तासन्‌तास मंद शिजवलेले मांस, जुने मुरलेले मोन्ते वेरोनेझे चीज, आणि वाइनच घालून शिजवलेला दाट भात, म्हणजे रिझोत्तो, खातात. त्या भातासाठी जवळच्याच इझोला देल्ला स्काला भागातला व्हियालोने नानो हा जाड, आखूड तांदूळ घेतात. वेरोनाच्या पाककृतींत मिरची मी क्वचितच पाहिली, आणि लवंग, दालचिनी, तमालपत्र मात्र भरपूर. म्हणजे ताईंच्या हाताने योगायोगाने झाले ते तिथे ठरवून करतात.

नवा बागायतदार (कवठे महांकाळ)

एक भाबडा प्रश्न आहे. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पलूसला वाइन पार्क उभे राहिले, द्राक्षे आपली, शेड आपले. मग आपल्याकडे अशी वाइन का होऊ नये? आणि शेडवरचा अर्धवट वाळलेला माल घरी आंबवून पाहिला तर?

रसायनाचा मास्तर

घरचा प्रयोग करू नये, हे आधी सांगतो. परवान्याचा प्रश्न आहेच, शिवाय व्यापारी शेडवरच्या मालावर डिपिंग ऑइल आणि गंधकाची धुरी झालेली असते. त्यातून जे आंबेल त्याला वाइन म्हणणे धाडसाचे होईल.

मोठ्या प्रश्नाचे उत्तर असे की अमारोने हे नाव वाल्पोलिचेल्लाबाहेर कोणालाही वापरता येत नाही, पण रीत वापरायला बंदी नाही. अडचण फळाची आणि हवेची आहे. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या आपल्या जाती खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी निवडलेल्या आहेत. साल पातळ, बी नाही, आम्ल कमी, आणि रंग पांढरा. कोर्विनाची साल जाड असते, आणि आम्ल एवढे असते की साखर वाढल्यावरही तोल सुटत नाही. समजा काळे वाइनचे द्राक्ष लावले, तरी आपला माल मार्चच्या उकाड्यात दोन आठवड्यांत वाळेल, आणि वर लिहिलेल्या त्या सावकाश बदलांना सवडच मिळणार नाही. शीतगृहात कोरडी हवा खेळवून 100 दिवस वाळवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. विजेचे बिल कोण भरणार, हा प्रश्न मी रसायनशास्त्राच्या बाहेरचा मानतो.

मध्यम घोट

मास्तरांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. बाकी, ताईंच्या वांग्याबरोबर मी रविवारी रिपास्सो उघडली. चांगली जुळली. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर, भरीत खाताना शेवटी ज्या कडूपणाची मी वाट पाहत होतो तो रिपास्सोत अर्ध्यावरच संपला. शेडवरच्या साहेबांकडे सहावी बाटली शिल्लक असल्यास कळवावे.

शेडवरचा माणूस

सहावी बाटली गेल्या शनिवारी उघडली, आणि या धाग्यासाठी मुद्दाम एकाच बैठकीत संपवली नाही. आम्ही दोघांनी मिळून दोन पेले घेतले आणि बूच लावून बाटली फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या दिवसापेक्षा बरी होती. मद्यार्काची धग मागे सरकली होती आणि करवंद पुढे आले होते. तिसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, खारीक आणि बेदाणा जवळजवळ गेले होते, आणि त्यांच्या जागी सुकवलेल्या तंबाखूच्या पानाचा आणि जुन्या लाकडी कपाटाचा वास आला होता. चौथ्या दिवशी आंबटपणा बोथट झाला. तेव्हा माझ्या अनुभवाने हिची मुदत तीन दिवसांची आहे.

तिसऱ्या दिवशीचा पेला मी शेडवर नेला होता. काळा माल रॅकवर टाकून तेव्हा नऊ दिवस झाले होते. एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात मूठभर मणी घेऊन आलटूनपालटून वास घेतला. गोडवा दोन्हींत तोच होता. तंबाखू फक्त पेल्यात होता. माझ्याबरोबरच्या जुन्या कामगाराने पेला नाकाशी धरला, प्यायला नकार दिला, आणि ‘हा माल चार दिवस जास्त राहिला’ एवढेच सांगितले.

मध्यम घोट, मार्गशीर्ष संपला की भाची येणार आहे. भरिताची वांगी तुम्ही आणावीत.